नाईक दानियल नाईक

मी तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी तक्रार घेऊन यायला नको. नवापूरच्या तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर 'प्रमिला टायपिंग' लिहिलंय, पण लोक एकमेकांना पत्ता सांगताना 'त्या भांडखोर बाईकडे जा' असंच सांगतात. सांगेनात का. भांडखोर बाईचा अर्ज परत येत नाही, हेही तेच लोक सांगतात. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान लोटनराव, झेरॉक्सच्या मशीनपाशी बसतात आणि दिवसभरात चार शब्द बोलतात. त्यांच्या वाट्याचे उरलेले मी बोलते.

दानियल नाईक पहिल्यांदा आले ते जूनमध्ये. शाळा-कॉलेजच्या दाखल्यांचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि हा माणूस सगळ्यांच्या मागे ताठ उभा. पांढरा सदरा, कडक इस्त्री, छातीशी धरलेली प्लास्टिकची पिशवी. मागून आलेले लोक खुशाल पुढे घुसत होते आणि हा जागचा हलत नव्हता. मला असल्या सोशिक माणसांचा फार राग येतो. त्यांच्यामुळेच बाकीच्यांना घुसायची सवय लागते. शेवटी मीच म्हटलं, "अहो पांढऱ्या सदऱ्यावाले भाऊ, तुम्हाला काही काम आहे, की नुसता पहारा द्यायला आलात?"

"पहाराच दिला ताई आयुष्यभर," ते म्हणाले. "एक अर्ज टाइप करायचाय."

अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं हिंदीत लिहून आणला होता. मला तो इंग्रजीत करून टाइप करायचा होता. सुरुवातीलाच लिहिलेलं, 'मैं, नायक दानियल नायक'. माझी बोटं कीबोर्डवर आणि डोकं दुसरीकडे, कारण उत्पन्नाच्या दाखल्यावरून एक बाई माझ्याशी हटून बसली होती. मी 'दानियल नाईक' असं टाइप केलं आणि पुढे गेले.

ते स्क्रीनकडे बघत होते. "ताई, एक नाईक राहिला."

"कुठे राहिला? हा काय."

"हा मागचा. पुढचा राहिला."

"भाऊ, तुमच्याकडून घाईत दोनदा लिहिलं गेलंय. मी एक काढला."

"दोनदाच पाहिजे."

"माणसाला आडनाव एकदाच असतं. माझे सासरे गावचे पाटील होते, त्यांनासुद्धा एकच होतं."

मशीनमागून लोटनराव अहिराणीत म्हणाले, "बोली ऱ्हायनी का भांडी ऱ्हायनी?"

"बोलतेच आहे, भांडत नाही. तुम्ही तुमनं काम करा," मी म्हटलं.

दानियलभाऊंनी आवाज चढवला नाही. त्यांनी सदऱ्याच्या बाहीवर, दंडाच्या जागी, दोन बोटं आडवी ठेवली आणि म्हणाले, "ताई, एक आडनाव आहे. एक हुद्दा आहे."

मी हात उचलले. फौजेतलं मला काय कळतंय, पण त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. शिपायाच्या वर लान्स नाईक, त्याच्या बाहीवर एक फीत. त्याच्या वर नाईक, दोन फिती. त्याच्या वर हवालदार. हिंदीत त्या हुद्द्याला नायक म्हणतात, आपण नाईक म्हणतो, आणि इंग्रजीत लिहिलं की आडनावाचं आणि हुद्द्याचं स्पेलिंग एकच. आता आमच्या नवापूरच्या डोंगरात नाईक हे आडनाव पाड्यापाड्याला सापडतं. तेव्हा चिंचदऱ्याचे दानियल बाज्या नाईक ज्या दिवशी फौजेत नाईक झाले, त्या दिवशी ते नाईक दानियल नाईक झाले.

"मग अर्ज कशासाठी?" मी विचारलं.

"मला नाईक लिहा म्हणून. रेकॉर्डला मी नाईक नाही."

मी त्यांना गर्दी ओसरेपर्यंत थांबा म्हटलं. ते बाहेर लिंबाखाली जाऊन थांबले. तिथे त्यांची बायको बसली होती, प्रिस्किला नाव, डोक्यावर पदर, मांडीवर जेवणाचा डबा. मी म्हटलं, वहिनी, आत पंख्याखाली बसा. त्या म्हणाल्या, "बरं आहे इथे." त्या काही आत आल्या नाहीत.

दुपार कलल्यावर दानियलभाऊंनी पिशवी उघडली आणि हळूहळू सगळं सांगितलं. त्यांचे वडील बाज्या नाईक दुसऱ्यांची गुरं राखायचे. दानियल मिशनच्या शाळेत दहावीपर्यंत शिकले आणि धुळ्याला फौजेच्या भरतीत जाऊन शर्यत पळाले. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, सगळं धुळ्यालाच. पळाले ते अनवाणी, कारण बूट थोरल्या भावाचे होते आणि पायात राहत नव्हते. चिंचदऱ्यातून फौजेत गेलेला हा पहिला माणूस. सुट्टीवर आले की रविवारी चर्चच्या भक्तीला पाळक त्यांना पुढे बसवायचे. पुढे प्रिस्किलाशी लग्न झालं. लान्स नाईक झाले. मग बर्फातल्या एका चौकीवर असताना नाईक झाले, दोन फिती लागल्या. त्या सुट्टीत त्यांनी नंदुरबारला जाऊन फोटो काढला, दोन्ही फिती दिसाव्यात म्हणून जरा तिरकं उभं राहून. फोटो घरात लागला. चर्चच्या मंडळीनं उपकारस्तुतीची सभा घेतली, कोंबड्या कापल्या, सासरची माणसं जेवून गेली.

पगार मात्र लान्स नाईकचाच येत राहिला. क्लार्क म्हणायचा, ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला पोचली की सगळं सुरळीत होईल. दानियलभाऊ बरं म्हणायचे. ऐका म्हणजे. मी असते तर त्या क्लार्कला बर्फात उभं केलं असतं. यांनी त्याच काळात हवालदारकीची परीक्षासुद्धा दिली आणि पास झाले. मग बदली झाली. नव्या ठिकाणी साहेबानं कागद बघितले आणि विचारलं, ही दुसरी फीत तू कुठून आणलीस? कागदावर तर तू लान्स नाईक आहेस. फीत उतरवायला लावली. फौजेत हुद्दा लहान असला की नोकरीची वर्षंही कमी मिळतात. तेव्हा ज्या सुमारास हवालदार व्हायचं, त्या सुमारास हे एक फीत लावून चिंचदऱ्याला कायमचे परत आले.

आता घरात फोटो दोन फितींचा, आणि माणूस आलाय एक फीत घेऊन, तोही मुदतीच्या आधी. लोक काय म्हणतील? तेच म्हणाले. काहीतरी केलं असणार, त्याशिवाय का उतरवतात. कोणी म्हणालं, कॅन्टीनची दारू बाहेर विकली. कोणी म्हणालं, साहेबावर हात टाकला. त्यांचा मेहुणा स्टीफन भर लग्नाच्या पंगतीत म्हणाला, "दाजी, आता तरी सांगा, विकलं तरी काय?" पंगत हसली. तेव्हापासून दानियलभाऊ पंगतीला बसले नाहीत. शाळेनं झेंड्याला बोलावलं, गेले नाहीत. माजी सैनिकांचा मेळावा भरतो, तिथे गेले नाहीत. रविवारी भक्तीला जायचे, पण मागच्या सतरंजीवर बसायचे. बाकी भात लावला, तूर लावली, कोंबड्या पाळल्या, आणि रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करत राहिले.

"आणि वहिनींना काय वाटतं?" मी विचारलं. असं कोणी विचारत नाही, पण मी विचारते.

त्यांनी बाहेर लिंबाकडे बघितलं. "तिला मी आल्या आल्या सांगितलं होतं, कागदाची चूक आहे म्हणून."

"मग?"

"बरं म्हणाली."

"मग झालं तर."

"ताई, ती नुसतं बरं म्हणाली. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. माझ्यावर विश्वास आहे म्हणून काढत नाही, की विश्वास नाही म्हणून काढत नाही, तेच मला कळत नाही. विचारायची हिंमत होत नाही. हातात कागद आला तर तिच्यापुढे ठेवीन. दुसरं मला काही नको."

मग मी कागदच वाचायला घेतले. पिशवीत त्यांच्या अर्जांच्या प्रती होत्या आणि आलेली उत्तरं होती. सगळी उत्तरं जवळजवळ सारखी. 'आपके आवेदन पर जाँच की गई। अभिलेख में आपका नाम नायक ही दर्ज है। किसी सुधार की आवश्यकता नहीं।' मला आधी संताप आला. एवढी वर्षं माणूस अर्ज करतोय आणि हे म्हणतात सुधारणेची गरज नाही. मग मी त्यांचा अर्ज पुन्हा बघितला. त्यांनी लिहिलं होतं, 'मेरी प्रार्थना है कि मुझे अभिलेख में नायक लिखा जाए।' मी उत्तर पुन्हा वाचलं. अर्ज पुन्हा वाचला. आणि मला एवढं हसू फुटलं की लोटनराव मशीन बंद करून उठले.

दानियलभाऊंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला नाही हसत. हे बघा. तुम्ही म्हणताय, मला नाईक लिहा. ते म्हणतायत, लिहिलंय की. तुम्ही हुद्दा मागताय आणि ते तुम्हाला आडनाव दाखवतायत."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून वाचले.

"त्यांना वाटत असेल, नवापूरला कोणीतरी वेडा आहे. त्याचं आडनाव लिहिलेलं आहे तरी तो पुन्हा पुन्हा लिहा म्हणून मागे लागतो. आणि मुळात घोटाळा झाला कसा तेही मी सांगते." मी स्क्रीनकडे बोट केलं, जिथे सकाळी मी स्वतः त्यांचा एक नाईक उडवला होता. "असा झाला. तुमच्या ऑर्डरवर दोन नाईक होते. टायपिस्टला वाटलं, चुकून दोनदा पडलाय. त्यानं एक खोडला. आम्ही टायपिस्ट लोक असंच करतो."

"मुद्दाम नाही केलं?"

"मुद्दाम करायला तुम्ही त्याचं काय वाकडं केलं होतं?"

त्यांनी पत्रांची चळत पिशवीत नीट लावली. मग म्हणाले, "मला वाटायचं, कोणीतरी डूख धरला असेल. डोंगरातला माणूस वर जाऊ नये असं कोणाला तरी वाटलं असेल. मी रोज एकेक चेहरा आठवायचो, हा असेल की तो." त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "बरं झालं ताई. आता कोणाचा चेहरा आठवायला नको." त्या दिवशी जाताना ते पिशवी छातीशी न धरता हातात लोंबकळत घेऊन गेले.

मग मी अर्ज लिहायला घेतला, आणि मला राग आलेला असल्यामुळे जे सुचलं ते लिहिलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी दानियलभाऊंनी तो वाचून घेतला. "ताई, हे 'आंधळा कारभार' काढा."

काढलं.

"हे पण. 'निर्लज्ज'."

"ते राहू दे हो."

"ताई, फौज आहे ती."

तेही काढलं. असं करत करत माझा दोन पानांचा अर्ज चार ओळींवर आला. माझं आडनाव नाईक आहे. माझा हुद्दाही नाईक होता. हे दोन वेगवेगळे शब्द आहेत. कृपया चूक समजून यातला कोणताही खोडू नये. शेवटी एक वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं आणि ते मात्र तीनदा वाचून घेतलं: माझी फीत उतरवली गेली ती नोंदीतल्या चुकीमुळे, कोणत्याही गुन्ह्याबद्दल नव्हे, असं मला लेखी कळवावं.

अर्ज घेऊन आम्ही नंदुरबारच्या सैनिक कार्यालयात गेलो. हो, मीही गेले, दुकान लोटनरावांवर टाकून. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, हसू दाबलं आणि म्हणाले की मुद्दा पटण्यासारखा आहे. पण बढती प्रत्यक्ष दिली गेली हे सांगणारा त्या वेळचा कोणी वरचा माणूस पाहिजे, त्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं की आम्ही शिफारस करून पुढे पाठवतो. माझ्याशी कोणी इतकं सरळ बोललं की मला भांडायला जागा राहत नाही. आम्ही आभार मानून परत आलो.

वरचा माणूस म्हणजे त्यांच्या कंपनीचे सुभेदार अजित घोरपडे. साताऱ्याकडचे, एवढंच दानियलभाऊंना माहीत. आता म्हसावदचा एक निवृत्त फौजी माझ्याकडे पेन्शनच्या कागदांसाठी येत असतो. त्याच्या मोबाईलवर जुन्या फौजींचे ग्रुपच्या ग्रुप आहेत, सकाळी उठल्यापासून एकमेकांना फुलं पाठवत असतात. मी त्याला म्हटलं, फुलं पुरे, हे नाव टाक. चार-सहा ग्रुप फिरून नंबर आला.

फोन मी दुकानातूनच लावला, स्पीकरवर. प्रिस्किलावहिनी त्या दिवशी आल्या नव्हत्या, भाताच्या लावणीला गेल्या होत्या. रिंग वाजायला लागली तसे दानियलभाऊ स्टुलावरून उठून सरळ उभे राहिले.

"जय हिंद साहेब. मी दानियल."

"कोण दानियल?"

"दानियल नाईक साहेब. नवापूरचा."

मग एकदम दुकान भरून आवाज आला. "डबल नाईक? अरे, डबल नाईक बोलतोयस होय तू? कुठं गडप झाला होतास गड्या?"

डबल म्हटलं त्यांनी. मी काही विचारायच्या आधी स्वतःहून म्हटलं.

मग सुभेदारसाहेब सुटलेच. "तुझी दुसरी फीत मीच लावली रे. हजेरीला पुकारलं, नाईक दानियल नाईक, तर सगळी कंपनी हसायला लागली, साहेबांची जीभ अडखळली म्हणून. तिथनं पुढं तू डबल नाईक."

मला राहवेना. मी मधेच तोंड घातलं. "साहेब, मी टायपिस्ट बोलतेय. तुमचा डबल कागदावर सिंगलच राहिला." आणि काय झालं ते मी सगळं सांगितलं, फीत उतरवली इथपर्यंत.

सुभेदारसाहेबांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, "बदलीवर एक क्लार्क आला होता. आम्ही हुद्दा आखूड लिहितो, दोनच अक्षरं. हा अख्खा शब्द लिहायचा. मला म्हणाला होता, साहेब, यात नाईक दोनदा आलाय. मी म्हटलं, दोनदाच पाहिजे. त्यानं मान डोलावली. मला वाटलं, झालं काम." आणि त्यांनी विचारलं, "मग दानियल, तू बोलला का नाहीस लेका?"

"बोललो ना साहेब. मी म्हणायचो, मी नाईक आहे. ते म्हणायचे, आहेस की."

सुभेदारसाहेब खोकला येईपर्यंत हसले. आणि इकडे दानियलभाऊही हसायला लागले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. लोटनरावांनी न सांगता सगळ्यांना चहा मागवला, हेही पहिल्यांदाच.

प्रतिज्ञापत्र आठवड्यात आलं आणि अर्जाला जोडून पुढे गेलं. मी म्हटलं, आता वहिनींना सांगून टाका. त्यांनी मान हलवली. "कागद येऊ द्या ताई. तोंडी एकदा सांगून झालंय."

कागद काही लगेच आला नाही. आधी आलं ते एक पत्र: अर्जदारानं आपलं मूळ आडनाव पुराव्यासह कळवावं. मी ते पत्र वाचून जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. शाळेचा दाखला होता, जातीचा दाखला होता, सगळीकडे नाईक. पण मला भीती अशी की ते पुन्हा म्हणतील, हा नाईक कोणता? हुद्द्याचा की आडनावाचा? मी डोकं धरून बसले होते तेव्हा लोटनराव म्हणाले, "बापना दाखला जोड."

बरोबर होतं. बाज्या नाईक जन्मभर गुरांमागे फिरले, फौजेचं तोंड बघितलं नाही. त्यांच्या नावातला नाईक हुद्दा असूच शकत नव्हता. बापाचं आडनाव नाईक, म्हणून लेकाचं आडनाव नाईक, आणि मग ऑर्डरवरचा दुसरा नाईक तो हुद्दा. आम्ही बाज्याबाबांच्या जमिनीच्या जुन्या नोंदीची नक्कल काढली आणि जोडून पाठवली. त्या दिवशी मी लोटनरावांना दिवसभर एकदाही टोकलं नाही.

नाताळ गेला. दानियलभाऊ बाजाराच्या दिवशी दुकानावरून जायचे, लांबूनच हात करायचे, मी मान हलवायचे, ते पुढे जायचे. होळीच्या आधी एका दुपारी ते दोघंही आले. दानियलभाऊंच्या हातात लिफाफा होता, न फोडलेला. पोस्टमननं सकाळी दिला होता आणि हे जीप पकडून तसेच नवापूरला आले होते. त्या दिवशी प्रिस्किलावहिनी लिंबाखाली थांबल्या नाहीत. त्या आत येऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

मी लिफाफा फोडला. पत्र इंग्रजीत होतं. मी मनातल्या मनात वाचत सुटले, तर दानियलभाऊ म्हणाले, "ताई, मोठ्यानं."

मग मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगितलं. नोंदींची फेरतपासणी झाली. बढतीच्या ऑर्डरची प्रत करताना हुद्द्याचा शब्द अनवधानानं वगळला गेला होता. तो आता त्याच तारखेपासून नोंदवण्यात आला आहे. पुढची परीक्षा ते पास झालेले असल्यानं नियमाप्रमाणे त्यांना निवृत्तीच्या वेळी हवालदार मानण्यात येत आहे. आणि शेवटी: त्यांचा हुद्दा कमी दाखवला गेला तो केवळ लेखनातल्या चुकीमुळे, त्यांच्यावर शिस्तभंगाची कोणतीही कारवाई कधीही झालेली नाही.

हवालदार शब्द आला तिथे माझा आवाज फुटला. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मी रडले. दानियलभाऊ रडले नाहीत. त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि त्यांचे खांदे खाली आले. इतके महिने मी बघत होते तो ताठपणा त्या श्वासाबरोबर निघून गेला आणि पुढे उरला एक थकलेला, बऱ्या चेहऱ्याचा माणूस. मला इतकं हलकं वाटलं की मी पुढच्या गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणून सांगितलं, आणि तेही गोड शब्दांत.

प्रिस्किलावहिनी मात्र तशाच उभ्या होत्या. "ताई," त्या म्हणाल्या, "ते शेवटचं परत वाचा."

मी परत वाचलं.

"म्हणजे यांनी काहीच केलं नव्हतं?"

"काहीच नाही वहिनी. कधीच नाही."

त्या झेरॉक्सच्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर खाली बसल्या. मग ती दोघं आपसात मावचीत, त्यांच्या घरच्या बोलीत, बोलायला लागली. इतकी वर्षं नवापुरात काढल्यावर मला तेवढी मावची कळते, पण ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

दानियलभाऊ म्हणाले, "मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"तुला खोटं वाटलं?"

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मला वाटलं, झालं असेल काहीतरी हातून. एवढ्या लांब, बर्फात, एकटे. सांगायला लाज वाटत असेल म्हणून कागदाचं नाव घेतलं असेल. मी दर रविवारी भक्तीत तुमच्यासाठी क्षमा मागत आले. यांनी जे काय केलं असेल ते यांच्यावर धरू नको, म्हणून."

मी दुसरीकडे बघायला लागले. ज्याची भीती बाळगून हा माणूस एवढी वर्षं जगला, नेमकं तेच होतं. आणि मला बोलताही येईना, कारण बोलले असते तर मला कळतंय हे कळलं असतं.

दानियलभाऊंनी विचारलं, "असं वाटत होतं, तरी राहिलीस?"

"म्हणजे काय? तुम्ही घरी आला होतात ना. मला तेवढं पुरलं."

ते बायकोकडे बघत राहिले. पत्र अजून माझ्याच हातात होतं, आणि ते घ्यायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. मग ते तिच्याशेजारी त्या गठ्ठ्यावर बसले, इस्त्रीच्या सदऱ्याची पर्वा न करता.

"आता या रविवारी काय मागशील?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी विचार केला. "आता माझ्यासाठी मागेन. तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, त्याची क्षमा."

"ती मी देतो," दानियलभाऊ म्हणाले. "त्यासाठी रविवारपर्यंत कशाला थांबतेस?"